मोर्चा मुंबईत, फाईल ओरोसला

तृतीयपंथी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थांची ताकद मुंबई, ठाणे, पुण्यात एकवटलेली आहे आणि त्यांचं लक्ष बहुतेक वेळ दिल्लीकडे असतं. याचिका, विधेयकावरच्या हरकती, आझाद मैदानावरचं आंदोलन हे सगळं लागतंच. पण रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग (मुख्यालय ओरोस) या तीन जिल्ह्यांत हक्क पदरात पडतो की अडतो, हे ठरतं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक टेबलापासून तहसीलच्या खिडकीपर्यंतच्या टप्प्यात. कोकणात काम करू पाहणाऱ्या संस्थेनं आपला निम्म्याहून अधिक वेळ आणि पैसा या टप्प्यावर लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो लागत नाही, याला सरकार जितकं जबाबदार, तितकेच संस्थांना पैसे देणारेही.

आधी कायद्याची वाट पाहू. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला आणि या समाजाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यायला सरकारांना सांगितलं. त्यानंतर पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नियम निघाले. त्या नियमांनी आखलेली पद्धत कागदावर सोपी होती. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. कोणतीही शारीरिक तपासणी न करता जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यायचं. ते दाखवलं की इतर कार्यालयांनी आपापल्या कागदांवर नाव, लिंग आणि फोटो १५ दिवसांत बदलायचा. या मजकुरावर पुढेही वाद होत राहतील, व्हायलाच हवेत. मजकूर कोणताही आला तरी तो राबवणारी माणसं मात्र तीच राहतात: जिल्हाधिकारी, समाजकल्याणचे सहायक आयुक्त, तहसीलदार, तलाठी.

घोडं पेंड खातं ते एका साध्या अटीवर. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहत असला पाहिजे, आणि याची खातरजमा जिल्हाधिकाऱ्यांनी करायची. दिल्लीत ही अट लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कदाचित शहरातली भाड्याची खोली असेल. कोकणातली गोष्ट वेगळी. इथली पारलिंगी मुलं सोळा-अठराव्या वर्षी घर सोडतात आणि कळवा, भांडुप, नालासोपाऱ्याकडे जातात, कुणी एखाद्या गुरूच्या डेऱ्यात. रेशनकार्डावरचं नाव गावी, अंग मुंबईत. मुंबईत स्वतःच्या नावाचा पत्ता नाही, गावी १२ महिन्यांचा मुक्काम नाही. अर्ज कुठल्या जिल्ह्यात करायचा, इथूनच अडचण सुरू होते.

समजा, अर्जदार गावीच राहते. मग खातरजमा कशी होते? आपल्याकडे रहिवासाची चौकशी व्हायची एक ठरलेली रीत आहे. कलेक्टर कचेरीतून पत्र तहसीलला, तहसीलमधून मंडळ अधिकाऱ्याकडे, तिथून तलाठ्याकडे. तलाठी पोलीस पाटलाला फोन करतो. पोलीस पाटील वाडीवर जाऊन अंगणातूनच विचारतो, ‘अमका हयच रवता ना? तृतीयपंथीचो दाखलो मागल्यान हा.’ यात कुणाचाही वाईट हेतू नाही. रहिवासी दाखल्याची चौकशी जशी करायची सवय आहे, तशीच ही झाली. पण संध्याकाळपर्यंत वाडीला, आणि रात्री मुंबईच्या चाकरमान्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला बातमी कळलेली असते. शारीरिक तपासणी नको, असं नियमांनी स्पष्ट लिहिलं. या चौकशीबद्दल मात्र ते गप्प राहिले. ज्या मुलीनं घरात अजून तोंड उघडलेलं नाही, तिच्यासाठी हा दाखला म्हणजे घराबाहेर पडण्याची नोटीस ठरू शकते.

यावर उपाय संसदेत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचं एक पानाचं परिपत्रक पुरेसं आहे. त्यात चार गोष्टी हव्यात. रहिवासाची खात्री मतदार यादी, वीजबिल, बँक पासबुक, भाडेकरार अशा कागदांवरूनच करावी, घरी जाऊन करू नये. कागद अपुरा वाटला तर अर्जदारालाच थेट कळवावं, तेही तिनं दिलेल्या मोबाईलवर, घरच्या पत्त्यावर टपाल पाठवून नव्हे. तालुका पातळीवर पत्रव्यवहार करावाच लागला तर विषयाच्या ओळीत फक्त ‘रहिवास पडताळणी’ असं लिहावं. आणि अर्जांचं काम कार्यालयात एका नेमलेल्या कर्मचाऱ्याकडे असावं, त्याच्या रजेच्या काळात कोण, हेही लिहून ठेवावं. या परिपत्रकाला निधी लागत नाही, मंत्रिमंडळाची मान्यता लागत नाही. लागतो तो पाठपुरावा, आणि तो करायला माणूस.

त्याऐवजी होतं काय? संवेदनशीलता कार्यशाळा. पोलीस मुख्यालयाच्या सभागृहात दोन तास, समोर साठ-सत्तर कर्मचारी, शेवटी चहा-बिस्किटं आणि बॅनरसमोर फोटो. कार्यशाळा वाईट नसते. पण साहेबांची बदली झाली की कार्यशाळा त्यांच्याबरोबर जाते आणि परिपत्रक मागे उरतं, हा फरक निधी देणाऱ्यांना अजून पटलेला दिसत नाही. अहवालात ‘७० पोलिसांना प्रशिक्षण’ हे छान दिसतं. ‘एका परिपत्रकासाठी आठ महिने खेटे’ हे दिसत नाही.

पैशाची ही वाट जरा खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पहिल्या तरतुदीनं मुंबईतल्या मोठ्या संस्थेनं चिपळूणच्या किंवा कुडाळच्या छोट्या गटाला आपल्या निधीतला वाटा द्यायची सोय संपली. दुसरीचा फटका माणसांना. पगार, प्रवास, कार्यालयाचं भाडं हे सगळं बहुतांशी प्रशासकीय खर्चात मोजलं जातं, आणि पाठपुराव्याचं काम म्हणजे तर पगार आणि एसटीचं तिकीटच. म्हणून हिशेबाला सोपे ते कार्यक्रम होतात.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, हा दुसरा मार्ग. लोटे, महाड, रोहा या पट्ट्यात कारखाने आहेत, आणि कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत विषमता कमी करण्याचं काम बसतं. पण कंपनीला शिलाई मशीन वाटायला आवडतं. शिलाई मशीनवर कंपनीचं नाव लिहिता येतं, कलेक्टरच्या परिपत्रकावर येत नाही. इथे संस्थेनंच प्रस्ताव नीट मांडायला हवा: एका जिल्ह्यात एक पूर्णवेळ कार्यकर्ता, एक अर्धवेळ वकील, वर्षभराचा प्रवासखर्च, आणि मोजमाप म्हणून किती अर्ज किती दिवसांत निकाली निघाले याचा तक्ता. तक्ता असला की कंपनीलाही दाखवायला काहीतरी मिळतं.

‘धोरणाबद्दल बोललो तर नोंदणी जाईल,’ ही भीती छोट्या संस्थांत खोल आहे. ती पूर्णपणे खोटी नाही, पण जितकी बाळगली जाते तितकी खरीही नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की सक्रिय किंवा पक्षीय राजकारणात नसलेली संस्था केवळ मोर्चा-धरणं अशा मार्गांनी एखाद्या मागणीला पाठिंबा देते म्हणून तिला राजकीय ठरवून परदेशी निधी रोखता येत नाही. कलेक्टरला निवेदन देणं ही तर त्याहून कितीतरी साधी गोष्ट. खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. न्यासाच्या उद्देशांत ‘कायदा व शासकीय धोरणांविषयी जनजागृती आणि पाठपुरावा’ असा शब्दप्रयोग नसतो, आणि मग लेखापरीक्षक खर्चावर बोट ठेवतो. किंवा विश्वस्त बदलतात, कुणी मुंबईला जातं, आणि ९० दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात जातच नाही. मग बँकेतल्या सह्या अडकतात आणि मंजूर झालेला निधीही उचलता येत नाही. सरकारनं गळचेपी करण्याआधी आपल्याच कपाटातल्या फायलींनी बंद पाडलेल्या संस्था कमी नाहीत.

‘आमच्या जिल्ह्यात असे लोकच नाहीत’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. त्या रकान्यात शून्य ते सहा वर्षांची मुलं देशभरात ५४,८५४ होती. या वयाच्या मुलांची नोंद आईवडिलांनी कोणत्या समजुतीनं केली असेल, याचा विचार केला तरी तो आकडा काय मोजतो आणि काय नाही, हे कळतं. जनगणनेत उत्तर देतो कुटुंबप्रमुख. कोकणातल्या घरात तो बहुधा म्हातारा बाप असतो, आणि त्याच्या लेखी त्याचा ‘मुलगा मुंबईक कामाक आसा’. २०२७ च्या जनगणनेतही हेच होईल, जर प्रगणकांच्या तालुकास्तरीय प्रशिक्षणात या रकान्याबद्दल पाच मिनिटं कुणी बोललं नाही तर.

याच बैठकांत हमखास येणारा दुसरा युक्तिवाद दशावताराचा. कोकण मुळातच मोकळं आहे, आमच्याकडे पुरुष रात्रभर नऊवारी नेसून राणीची भूमिका करतो आणि आम्ही टाळ्या वाजवतो, मग भेदभाव कुठला? त्या नटाची कला मोठीच आहे. पण पहाटे तो लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवतो, आणि त्याचा सातबारा, रेशनकार्ड, घरातली जागा आपापल्या ठिकाणी असतात. इथे प्रश्न ट्रंक बंद न करणाऱ्यांचा आहे.

माहितीचा अधिकार हे या कामातलं सर्वांत स्वस्त हत्यार, आणि सर्वांत जास्त चुकीचं वापरलेलंही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि सुमारे १५० शब्द. शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. पहिलं अपील कार्यालयातच, पुढचं राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. लोक लांबलचक अर्ज लिहितात: ‘तृतीयपंथीयांवर अन्याय का होत आहे?’ ‘का’चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, तो अभिलेखात जे आहे तेवढंच देतो. म्हणून विचारायचं असं: अमुक आर्थिक वर्षात प्रमाणपत्रासाठी आलेले अर्ज किती, मंजूर किती, नामंजूर किती, प्रलंबित किती. दुसऱ्या अर्जात: तृतीयपंथीयांच्या प्रश्नांसाठीची जिल्हास्तरीय समिती नेमल्याच्या आदेशाची प्रत आणि तिच्या बैठकांची इतिवृत्तं. तिसऱ्यात, जिल्हाधिकाऱ्यांकडे: २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्ह्यात संरक्षण कक्ष स्थापन झाल्याचा आदेश. चौथ्यात, जिल्हा परिषदेकडे: कायद्याप्रमाणे नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याचं पदनाम. आदेशच नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर येतं, आणि तो कागद दहा भाषणांपेक्षा कामाचा असतो.

मात्र आकडे तालुकानिहाय मागू नयेत. वैभववाडी किंवा मंडणगडसारख्या छोट्या तालुक्यात आकडा ‘१’ आला, तर ती एक कोण हे सांगायला नाव लागत नाही. हीच सावधगिरी संस्थेच्या स्वतःच्या याद्यांबाबत हवी. देणगीदार लाभार्थ्यांची यादी मागतात, आधार क्रमांकासह. ती द्यायची नाही. सांकेतिक क्रमांक द्यायचे, आणि नाव-क्रमांकाची जोडणी एकाच ठिकाणी कुलपात ठेवायची. निधी गेला तरी चालेल, इतका हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

प्रमाणपत्र मिळालं की काम संपलं, असं समजणं ही पुढची चूक. कागदांचा क्रम चुकला की वर्ष वाया जातं. आधी प्रमाणपत्र, नाव बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी, मग आधार, मग पॅन, मग बँक आणि शेवटी शाळेचा दाखला. आधारमधलं लिंग एकदाच बदलता येतं, त्यामुळे घाईनं केंद्रावर जाऊन ‘स्त्री’ की ‘तृतीयलिंगी’ हे तिथल्या खुर्चीत बसून ठरवू नये. एक लिंग आधारवर आणि दुसरं बँकेत राहिलं की अनुदानाची रक्कम परत जाते, आणि ती का परत गेली हे कोणीही सांगत नाही. संजय गांधी निराधार योजनेत तृतीयपंथी लाभार्थी म्हणून बसतात. महिन्याला १,५०० रुपये, अर्ज तहसीलला. पण उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला १,७५०. उत्पन्नाचा दाखला काढायला गेलं की रेशनकार्ड मागतात, आणि रेशनकार्डातून नाव बापानं कमी केलेलं असतं. ही साखळी एका जागी तोडायची असेल, तर एकट्या व्यक्तीच्या नावे स्वतंत्र शिधापत्रिका देण्याची मागणी पुरवठा विभागाकडे आधी रेटायला हवी. बाकीचं तिच्यामागे येतं.

पारलिंगी पुरुषांबद्दल, म्हणजे मुलगी म्हणून वाढवलेल्यांबद्दल, या चर्चेत फारसं कुणी बोलत नाही. घराणी, डेरे, गुरू-चेल्यांचं जाळं त्यांना नाही. ते घर सोडतात तेव्हा घरचे ‘मिसिंग’ दाखल करतात आणि पोलीस शोधून घरी पोचवतात. व्यक्ती सज्ञान असेल तर तिच्या इच्छेविरुद्ध तिला घरी धाडता येत नाही. म्हणून जन्मतारखेचा पुरावा सोबत असणं आणि पोहोचल्या ठिकाणच्या पोलीस ठाण्यात आपण स्वेच्छेनं आलो असल्याचा लेखी जबाब लगेच देणं, या दोन गोष्टी आधी सांगून ठेवायला हव्यात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेल्पलाईन १५१००. नालसा निकालातलं ‘नालसा’ म्हणजे हेच प्राधिकरण, राष्ट्रीय पातळीवरचं. जिल्ह्यातल्या त्याच्या कार्यालयाला याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

आता आतूनच येणारा आक्षेप. चळवळीतले अनेक जण म्हणतात की या कागदकामात शिरलो की आपण सरकारचे बिनपगारी कारकून होतो. कायदाच मुळात सदोष आहे. त्यातल्या १८ व्या कलमात लैंगिक अत्याचारालाही शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं, आणि भारतीय न्याय संहितेत स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. असा कायदा राबवायला मदत कशाला करायची? आक्षेपात दम आहे, आणि या तफावतीविरुद्ध लढलंच पाहिजे. पण लढायला पुरावा लागतो. अर्ज कधी दिला, पोच कधी मिळाली, त्रुटी कोणती काढली, ३० दिवस कधी उलटले, याची तारीखवार नोंद असलेली पंचवीस प्रकरणं एका जिल्ह्यातून मिळाली, तर याचिकेचं वजन बदलतं. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत येतात. रायगडला अजूनही मुंबईच. सावंतवाडीच्या माणसाला वकील गाठायला आता आंबोली घाट पुरतो.

न्यायालयात गेल्याशिवाय हलत नाही असंही खूप आहे, हे खरं. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीसाठी महिला प्रवर्गातून भरलेला अर्ज छाननीत फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं तो स्वीकारायला लावला आणि त्या निवडूनही आल्या. पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय यायलाही डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला राज्य सरकारचे कान धरावे लागले. आरक्षणाचं म्हणाल, तर कर्नाटकानं २०२१ मध्येच सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. समांतर म्हणजे अनुसूचित जातीतल्या पारलिंगी व्यक्तीला त्या प्रवर्गातच जागा, तिला दोन हक्कांतून एक निवडावा लागत नाही. महाराष्ट्रात मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं तृतीयपंथी धोरणाला मान्यता दिली. त्या धोरणाला आरक्षणाचं कलम जोडून घेणं हे मुंबईतल्या संस्थांचं काम, आणि त्यांनी ते सोडू नये. पण धोरणाला जिल्ह्यात लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचं स्वतंत्र खातं, मिळवणं हे काम मुंबईहून होणार नाही.

त्याचं वेळापत्रकही ठरलेलं असतं. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात तयार होतो आणि साधारण जानेवारीत पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या नियोजन समितीपुढे येतो. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाच्या बासनात जातं. म्हणून प्रस्ताव समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या टेबलावर दिवाळीआधी पोचायला हवा. मागणी एकच आणि मोजकी असावी: जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस संप्रेरक उपचारांची तपासणी आणि समुपदेशन, त्यासाठी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाचं मानधन, प्रवास आणि प्रयोगशाळेचा खर्च, वर्षाचे बारा दिवस धरून. सध्या संप्रेरकाच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात, यकृताची तपासणी नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कुणी सांगितलेला नाही, आणि तज्ज्ञ गाठायचा तर मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळी. प्रस्तावाला जिल्हा शल्यचिकित्सकांचं संमतिपत्र जोडलेलं असावं. ते नसेल तर नियोजन अधिकारी ‘अंमलबजावणी यंत्रणा कोण?’ एवढाच शेरा मारून प्रस्ताव परत पाठवतो, आणि तोपर्यंत जानेवारी उजाडलेला असतो.